पप्पांचा रेडिओ

"पप्पा, तुमच्या त्या रेडिओत तार कशावर गुंडाळली होती?"

"घरात साधा फ्यूज बसवता येत नाही त्यांना, विचारून तर दाखव!" असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून चेतनाने भर जेवणात विचारून टाकलं. लहानपणी आपण घरच्या घरी रेडिओ बनवला, हे तिचे पप्पा, हेमकांत पाटील, अख्ख्या ब्राह्मणपुरी गावाला ऐकवत आले होते. त्याच कौतुकापोटी उद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची फीतही तेच कापणार होते.

पप्पांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "एवढं जुनं कोनले याद ऱ्हास, बेटा?"

"मी सांगस ना," भाकरी वाढता वाढता आई हसली. "लाटनावर! तुन्ही कौसा आत्यानी गुंडाळेल व्हती. रेडिओ तिन्हीच बनाडा व्हता. तुन्हा पप्पा नुसता कान लाईसन बसेत."

चेतना आनंदाने ताटावरून उठलीच. "आपली आत्या? मग ती पुढे शिकली का नाही?"

"लाटनं पोया लाटाले ऱ्हास, तारा गुंडाळाले नही, असं म्हनीसन तुन्हा आजानी त्याच आखाजीले, अक्षयतृतीयाले, तिन्हं लगन लाई दिन्हं. तवय ती तुन्हाच एवढी व्हती." आई आता हसत नव्हती.

पप्पा खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.


"फीत उद्या तुम्हीच कापा, पप्पा," चेतना म्हणाली. "आणि आई, तूपण ये. रेडिओची गोष्ट माइकवर मी सांगणार आहे."