तपकिरी आणि निळा

काचपट्टीवरचा तुकडा तिच्या भाचीच्या मांडीच्या स्नायूचा होता. जिना चढताना मध्येच मटकन बसणारी पोरगी. "आण तिला, काही निघायचं नाही," असं बहिणीला हिनंच सांगितलं होतं. नमुन्यावर नुसता क्रमांक, वय आणि लिंग, त्यामुळे प्रयोगशाळेत कुणाला पत्ता नव्हता. घरच्यांच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा नियम होता, पण दुसऱ्या कुणाच्या हातावर हिचा भरवसा नव्हता. म्हणून ती गप्प बसली.

काम रोजचंच. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली चूल. ती नीट पेटत असेल तर पहिल्या द्रावणाचं ऑक्सिडीकरण होतं आणि पेशी तपकिरी होते. चूल थंड असेल तर पहिलं द्रावण ढिम्म राहतं, मग दुसऱ्याचं क्षपण होऊन पेशी निळी दिसते. तपकिरी चांगली, निळी वाईट. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तपकिरीत जागोजागी निळं होतं.

आपलंच काहीतरी चुकलं असेल. आजवर एक चूक होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारी बाई, आज चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसली. द्रावणं नव्यानं केली. नवा काप घेतला. शेजारी निरोगी माणसाचा तुकडा ठेवला. तो छान तपकिरी झाला. भाचीचा पुन्हा तसाच. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. तिनं ओटा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

डॉक्टरबाई आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"रंग झकास आलाय. तुमच्या हाताला तोड नाही." मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "हे बहुतेक आईकडून आलंय. मायटोकॉन्ड्रिया आईचेच मिळतात, बापाचे नाहीत. या मुलीला सख्खी मावशी आहे का, विचारून घ्या. असेल तर तिला आणि तिच्या मुलांना तपासायला बोलवा."

"आहे," ती हातमोजे काढत म्हणाली. "मावशी आलीये. तिची मुलगी पाचला शाळेतून सुटेल."