तिरकी नजर

शेजारच्या बाकावरची नवी शिक्षिका पुन्हा आपल्याकडे बघतेय, हे सरवदे गुरुजींच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी कोपराने पेपर झाकला. मे महिन्यातलं पाच दिवसांचं प्रशिक्षण आज संपणार होतं. शेवटच्या चाचणीत जो नापास, त्याला पुन्हा पाच दिवस यायचं होतं.

पोरांची कॉपी पकडण्यात गुरुजींची हयात गेली होती. तिरकी नजर दिसली की पोरगं वर्गाबाहेर! हिलाही इंगा दाखवू म्हणून त्यांनी मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिली, कोपर बाजूला घेतलं आणि तिला खुशाल बघू दिलं. पेपर देण्याआधी सगळं खोडून बरोबर लिहायचा बेत होता. पण तिच्यावर पाळत ठेवताना वेळ कधी संपली कळलंच नाही आणि पेपर गोळा झाले.

निकाल लागला. ती पहिली आली, गुरुजी नापास.

"मग बाई, सारखं माझ्याकडे काय बघत होता?" त्यांनी विचारलंच.

"तुमच्याकडे नाही हो, गुरुजी. तुमच्या पलीकडे भिंतीवर घड्याळ आहे ना!"

गुरुजींना आपल्या वर्गातलं घड्याळ आठवलं. तेही बाजूच्या भिंतीवर होतं, नेमकं हुशार पोरांच्या रांगेपलीकडे.