फिरायले

"कशाले आली?" अश्वजितनं आवाज जाड करून विचारलं.

"नातू सांभाळायले," रुखमाबाई म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"आई! पुन्हा तेच. फिरायले म्हण. फिरायले."

"फिरायले."

गडचांदूरच्या घरात, समोरच्या खोलीत, अश्वजित टेबलामागे बसला होता आणि आई टेबलासमोर उभी होती. उद्या तिला नागपूरहून निघायचं होतं. बँकॉकच्या विमानतळावर खिडकीमागचा अधिकारी काय काय विचारेल, त्याची तयारी तो सकाळपासून करून घेत होता.

सरिता, रुखमाबाईची लेक, तिकडे एका शाळेत शिकवते. जावयाची नोकरीही तिकडेच. भारतातून फिरायला जाणाऱ्याला तिथं व्हिसा लागत नाही, दोन महिने राहता येतं. दोन महिने संपले की रुखमाबाई गडचांदूरला यायची, थोडे दिवस थांबायची, पुन्हा जायची. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनी तिला बाजूच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. हिंदी समजणारी एक बाई बोलावून सांगितलं, ही सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी आहे, येऊन-जाऊन इथंच राहणाऱ्यांसाठी नाही. पुन्हा आलात आणि कारण पटलं नाही, तर इथूनच परत पाठवू.

"मंग व्हिसाच काढू ना," रुखमाबाई म्हणाली.

"कोणता? नातू सांभाळणाऱ्या आजीचा व्हिसा नसते, आई. सगळीकडे विचारलं मी."

"मंग नाई जात."

अश्वजितनं खुर्ची मागे सारली. "सरिताची सुट्टी संपली. ती घरी बसली तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर तिचा तिथं राहायचा परवाना जाईल. तुले माहीत आहे सगळं. बस, एवढ्या वेळेस."

"मागच्या वेळेसही हेच म्हणला होता तू."

गावाजवळच्या खाणीत दुपारचा सुरुंग उडाला. मांडणीवरची भांडी थरथरली. दोघांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

"चल. कशाले आली?"

"फिरायले."

"आणि मागच्या वेळेस आली होती, तवा काय काय पाह्यलं?"

रुखमाबाई आठवू लागली. "सोळाव्या माळ्यावरून रस्ता दिसते. खाली पूल हाये, त्याच्यावरून गाड्या जातेत. समोरच्या बिल्डिंगीत एक बाई हाये. तीबी लेकरू घेऊन खिडकीत उभी राहते. आमी हात हालवतो एकमेकींले."

"ते नाई. बाहेर काय पाह्यलं?"

"बाहेर कोण गेलं?"

अश्वजितला आधी वाटलं, आई थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"दाराले नंबरचं कुलूप हाये," ती म्हणाली. "बाहेर पडली तं हरवशील म्हणून सरितानं नंबर सांगतलाच नाई. भेव वाटते तिले. रविवार त्यायचा झोपण्यात जाते, थकून राहतेत बिचारे. एकदा नेणार होते मले. नेमका पोराले ताप आला."

"तिन्ही वेळेस असंच?"

"हो."

त्याला बहिणीला फोन लावावासा वाटला. पण लावून काय म्हणणार होता? आईला पाठवत नाही म्हटलं, तर लेकरू कोणाच्या जिवावर ठेवायचं, हे ती विचारणार. त्यानं मोबाईल काढला, थोडा वेळ शोधलं आणि एक फोटो तिच्यासमोर धरला.

"हे पाह्य. तू हे पाह्यलं, असं सांगायचं. झोपलेले बुद्ध."

"झोपलेले नाईत ते. महापरिनिर्वाण हाये."

तिनं मोबाईल हातात घेतला आणि खाली बसली. सोन्यासारखी मूर्ती, इतकी लांब की एका फोटोत मावत नव्हती. तिनं बोटानं फोटो सरकवत मस्तकापासून पायांपर्यंत नेला. पायांपाशी उभी असलेली माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. विहारातल्या बाया दर खेपेला विचारायच्या, तिथली मोठी मूर्ती पाह्यली का? ती म्हणायची, पुढच्या वेळेस.

"सरिताच्या घरापासून किती दूर हाये हे?"

"अर्धा तास असन."

"अर्धा तास," रुखमाबाई म्हणाली.

"ध्यानात ठेव. पूर्ण सोन्याच्या रंगाची. तळपायावर शिंपल्याची नक्षी. विचारलं की सांगायचं, पाह्यली, वंदन केलं."

"वंदन केलं म्हणू?"

"हो."

"न करता?"

अश्वजितनं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उगाच बाजूला सरकवला.

"फिरायले आली म्हणीन मी," ती म्हणाली. "पोरीसाठी तेवढं खोटं बोलीन. पण दर पुनवेले आपण पंचशील घेतो. हे खोटं नाई बोलवत रे मले."

ती उठली. मोबाईल टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवला. पदर नीट केला, हात जोडले आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. अश्वजित खुर्चीवरून उठून बाजूला झाला.

मोबाईल वाजला. बुद्धांची मूर्ती गेली आणि तिथं सरिताचं नाव आलं. अश्वजितनं वाकून, मोबाईल तिथंच ठेवून, व्हिडिओ कॉल घेतला. पडद्यावर सरिता दिसली. केस विस्कटलेले, कडेवर लेकरू, ते रडत होतं.

"झाली का तयारी, आई?" तिनं घाईनं विचारलं. मग तिचं लक्ष गेलं. "आई? माझ्यासमोर हात काऊन जोडून राह्यली तू?"

रुखमाबाईनं डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं. हात मात्र तिनं खाली घेतले नाहीत.