काढलेल्या कड्या

"रोज वापरायला पाणबुड्याचं घड्याळ? तुम्हाला पोहता तरी येतं का?" मी दुकानातच विचारलं.

ह्यांनी दोन महागडी घड्याळं आळीपाळीने मनगटावर चढवून "यातलं जास्त वर्षं कोणतं टिकेल?" एवढंच विक्रेत्याला विचारलं. वीस वर्षं एकच घड्याळ वापरणारा माणूस! त्यात हल्ली दर शनिवारी न सांगता कुठेतरी जातात. कुणासाठी हा थाट?

विक्रेता ढिला पट्टा बघून म्हणाला, "साहेब, गेल्या महिन्यातच तुमच्या जुन्या पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या. याच्या चार काढाव्या लागतील."

"काढा, पण टाकू नका. पुढे मुलाच्या मनगटाला लागतील."

ह्यांचं मनगट काटकुळं झालं होतं, वर सुईचे निळे डाग. शनिवारी कुठे जाता, हे विचारायची माझी हिंमत होईना.