धरलंय

"धरलंय," त्याच्या कोपराला हात देत जोडीदार म्हणाला, तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले आणि चांगला पाय जमिनीवरून उचलला.

शिडीवरच्या कामाची हीच रीत होती. खालच्याने दोन्ही हातांनी शिडी धरायची आणि "धरलंय" म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय वरच्याने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. आणि वरचा परत जमिनीवर येईपर्यंत खालच्याने हात सोडायचे नाहीत, मग नाकावर माशी बसो की अंगावर पाल पडो. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करत दोघांनी अठरा वर्षं अशीच काढली होती.

आता शिडीच्या जागी तो स्वतःच होता. दुखऱ्या पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि साठपर्यंत मोजायचं. डोळे उघडे असले की सगळा तोल तेच सांभाळतात आणि गुडघा आळशी होतो, असं व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती. त्याआधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबून झालं होतं, पाय ताठ उचलून झाला होता, दारातली पायरी चढून-उतरून झाली होती. जोडीदार तीन महिने रोज संध्याकाळी कामावरून थेट यायचा. शेजारी बसून मोजायचा आणि "नऊ" दोनदा म्हणून हळूच एक जास्तीचं करून घ्यायचा. सख्खा भाऊ करणार नाही एवढं हा करतो, असं सगळे म्हणत. त्यालाही ते पटलं होतं.

गुडघा तर धड झाला होता. खचला होता तो मनाने. त्या दिवशी शिडीवरून पडण्याआधीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आपण घट्ट धरून होतो, पण शिडीचाच पाय सरकला, असं जोडीदाराने साहेबांना सांगितलं. म्हणजे चूक शिडी लावणाऱ्याची, आणि लावणारा तो. बायकोने त्याच्या हातात पेन दिलं होतं. लिहून द्या आणि मोकळे व्हा, चौकशीचा ससेमिरा मागे कशाला लावून घेता, असं ती म्हणाली होती. त्याने "शिडी मीच तिरकी लावली" असं लिहून सही केली. शिडी लावण्यात ज्याचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं, त्याचा आता स्वतःच्या नजरेवर भरवसा उरला नव्हता. कोठारात बदली मागणारा अर्ज फळीवर घडी करून ठेवला होता. उद्या तो द्यायचा आणि उरलेली वर्षं बल्बांची खोकी राखत बसायचं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तो येईल त्याला रंगवून सांगायचा. तो पडला तो खांब घरापासून दोन गल्ल्यांवर होता. कुणी निरोप द्यायच्या आत बायको अनवाणी धावत तिथे पोचली होती. "माझ्या पोटात एकदम कालवलं," असं ती म्हणाली होती. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं तो म्हणायचा. ती मात्र चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायची. लाजते, असं त्याला वाटायचं.

"एकोणीस, वीस," जोडीदार मोजत होता.

एकविसाला कोंबडा आरवला.

जोडीदाराच्या फोनची ती जुनी खोड. त्या कोंबड्यापायी खात्यात सगळे त्याची टर उडवायचे. पण अपघातानंतर हा कोंबडा कधी ऐकूच आला नव्हता. "पोरीने परत लावला वाटतं," जोडीदार पुटपुटला. त्याने कोपरावरचा हात काढून घेतला आणि खिसा चाचपला.

मिटल्या डोळ्यांपुढे त्याला खांबाचं टोक दिसलं. हातात दिव्याची काच होती. खालून कोंबडा आरवला होता, आणि मग शिडी हलली होती.

"त्या दिवशीही हा वाजला होता," तो म्हणाला. "तू दोन्ही हात सोडलेस."

जोडीदाराने फोन बंद केला. मग एकदम धबधबा सुटावा तसा बोलू लागला. क्षणभरच सोडली होती, नोकरी गेली असती, लेक लहान आहे, रोज सांगीन सांगीन म्हणत होतो.

म्हणजे शिडी बरोबर लागली होती. त्याला आधी बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं. मग आवाज चढला.

"तीन महिने माझे आकडे मोजलेस," तो म्हणाला, "आणि एवढं एक सांगितलं नाहीस. कुणाचा होता तो फोन?"

त्याने डोळे उघडले. जोडीदार त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता आणि बायको दारात उभी होती. हात ओले होते, ते तिने पुसलेही नव्हते. तो अजून एकाच पायावर उभा होता, आणि गुडघा जराही हलत नव्हता.

"तुमचा खांबाला बांधायचा कमरेचा पट्टा खुंटीवरच राहिला होता," ती म्हणाली. "त्यांना वर चढू देऊ नका, मी पट्टा घेऊन येते, एवढंच सांगायला मीच केला होता. तेवढ्यात फोनमध्ये शिडी पडल्याचा आवाज आला."