खर्ज

कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या बायकोला स्मशानात पोचवून दामले घरी आले आणि आंघोळ करून थेट हॅम रेडिओपुढे बसले. पलीकडे मालवणला दोस्त खानोलकर आपल्या रेडिओवर रोजच्यासारखा वाट बघत होता.

दामल्यांनी मशीनमध्ये नाना खटपटी करून आपला आवाज भरदार, खर्जातला केला होता. खानोलकर मात्र कुरकुरायचा, “आवाज गोड, पण शब्द कळत नाहीत. ‘स’ तर पोचतच नाही. तो टेलिफोनचा जुना माइक लाव.” त्यातून आवाज नाकातला, पिचका जातो म्हणून दामले तो लावत नसत.

“कुमुद सुटली रे,” दामले म्हणाले.

खरखरीतून खानोलकरचा आनंदी आवाज आला, “उठली? वहिनी उठल्या? अरे, रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं होतं मी. काही बोलल्या का? नीट सांग, ओव्हर.”

दामल्यांनी खणातून तो जुना माइक काढून जोडला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण तेच वाक्य दुसऱ्यांदा उच्चारायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

“चहा मागितला,” ते म्हणाले.

“आता कसं,” खानोलकर खुशीत म्हणाला. “शब्द न् शब्द कळला.”