डॉक्टरसाहेबांचं मंत्रिपद

"डॉक्टर नाही, मंत्रीसाहेब म्हणायचं!" शिपायाने दटावलं.

"माझी बाळंतपणं यांनीच केलीत, मेल्या. मला हे डॉक्टरच," स्तामातिया म्हणाली.

जर्मनांनी अथेन्स घेतलं आणि हे नावाजलेले डॉक्टर त्यांच्या मर्जीने मंत्री झाले. स्तामातियाच्या थोरल्याला जर्मनांनी पेट्रोल चोरताना पकडलं होतं. उद्या त्याला गोळी घालणार होते.

"माफीचा हुकूम द्या, डॉक्टर."

"माझ्या हुकमावर जर्मन शिक्का लागतो, बाई. तो मिळणार नाही."

"पायाळू जन्मला होता तो. तेव्हा त्याला बाहेर काढताना कुणाला विचारलं होतंत?"

डॉक्टरांनी तुरुंगातल्या जर्मन अधिकाऱ्याला फोन लावला. "त्या पोराला टायफस आहे," ते धडधडीत खोटं बोलले. "उवांनी पसरतो. तुमचे शिपाई लांब ठेवा आणि त्याला माझ्या इस्पितळात पाठवा."

तासाभरात निरोप आला: जर्मनांनी त्याला काठीने ढकलत इस्पितळाच्या गाडीत बसवलं होतं.

स्तामातियाने डोळे पुसले. "एवढं डॉक्टर राहूनच जमत होतं, तर मंत्री कशाला झालात?"

डॉक्टर खुर्चीत रेलले. "दवाखान्यात सगळे माझ्यापुढे कण्हायचे, बाई. सलाम कुणी करत नव्हतं."